मैदान समितीला खुलं पत्र: भिंतीवर एक हाफ पण पाहिजे

मैदान समितीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सगळे मेंबर आणि आमच्या वॉर्डाचे पंचायतीतले पंच, सगळ्यांना नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे पण उघडच लिहितोय, मैदानाच्या भिंतीवर गोव्याचा एक हाफ, म्हणजे मधे उभा राहून खेळणारा फुटबॉलर, पण यावा म्हणून. मैदानाच्या तक्रारींचे दोन अर्ज दिले, पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची ती पण नाही, आणि तिंट्यावर, म्हणजे गावच्या चौकात, भेटलात की "बघूया रे, चवथ होऊन जाऊ दे" एवढंच. चवथीचे गणपती झाले, दसरा झाला, आता दिवाळी आली. गावाचं नाव लिहीत नाही, डिचोली तालुक्यातलं एक गाव म्हणा, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि कुणावर चिखल उडवायला बसलेलो नाही, तुमच्यातले निम्मे माझ्याबरोबर खेळलेले आहेत, दोघांना तर माझ्याच पासवर गोल मिळालेत (ते आता कबूल करत नाहीत, तो भाग वेगळा).

झालं असं की मागच्या महिन्यात सेक्रेटरी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन आले, म्हणाले कलर प्रिंट काढ, ए-थ्री साइज, पाच. उघडून बघतो तर नव्या गॅलरीच्या मागच्या भिंतीचं डिझाईन. मेस्सी, रोनाल्डो, नेमार, एम्बापे, हालांड. खाली लिहिलंय "आमचे प्रेरणास्थान". मी प्रिंट काढून दिल्या, पैसे घेतले, आणि सहज विचारलं की यात गोंयचो (गोव्याचा) कोण? तर म्हणाले, भुरग्यांक मेस्सी जाय (पोरांना मेस्सी पाहिजे). मी म्हटलं बरं, मेस्सी ठेवा, पण एक क्लायमॅक्स लॉरेन्स घाला. त्यावर त्यांनी जे विचारलं ते ऐकून मी प्रिंटरचा ट्रे हातात धरून तसाच उभा राहिलो. "कोण रे हो क्लायमॅक्स?"

फुटबॉल मैदानाच्या समितीचे सेक्रेटरी. गोव्यात. असो.

मग सांगतोच कोण. जन्म 16 जानेवारी 1979, गोव्यातलाच. साळगावकर क्लबकडून खेळला, कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळला, परत येऊन डेम्पोचा झाला. डेम्पो म्हणजे गोव्याचं ते डेम्पो क्लब, ज्यांनी 2007-08 ची पहिली आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, घेतली, मग 2009-10 ची, मग 2011-12 ची, आणि 2008 मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेले. कोच आर्मांदो कुलासो. त्या टीममधलं कुणाला विचारलं तर रँटी मार्टिन्सचं नाव लगेच निघतं, निघणारच, 2011-12 च्या एका सीझनमध्ये 32 गोल केले माणसाने. बेटो आठवतो, त्याचे पास आठवतात. पण रँटी आणि बेटो पुढे निवांत फिरायचे ते मागे कुणीतरी दार लावून उभं होतं म्हणून, आणि ते दार म्हणजे क्लायमॅक्स. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. आपल्या भाषेत हाफ.

आम्ही तिघे मित्र डेम्पोची मॅच बघायला मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचो. डिचोली-पणजी, पणजीहून कदंबाची मडगाव शटल, तिथून पुढे. परत येताना पणजीहून शेवटची बस हमखास चुकायची आणि मग कुणाची तरी स्कूटर, तिघे एकावर. आमच्यातला एक जण, जो आता तुमच्या समितीत आहे, तो मला एकदा म्हणाला की आज पंधरा मिनिटं बॉलकडे बघूच नको, फक्त क्लायमॅक्सच्या त्या सहा फूटभर जागेत काय चाललंय ते बघ. बघितलं. बॉल यायच्या आधी मान वळते, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. बॅक वर गेला की हा न सांगता त्याच्या जागेवर. समोरच्याने पास टाकायचा विचार केला की हा तिथे आधीच जाऊन उभा, म्हणजे तो पास पडतच नाही, आणि जो पास पडलाच नाही त्याला टाळी कोण वाजवणार? पंधरा मिनिटांत मी जे शिकलो ते मला माझ्या आठ वर्षांच्या खेळण्यात कुणी सांगितलं नव्हतं. मीपण राइट हाफ. आमच्या वेळी हाफ म्हणजे ज्याला फॉरवर्डला घेतला नाही आणि बॅकला उंची कमी पडली तो.

आता तुमचं ते दुसरं म्हणणं, की "तो काय एवढे गोल मारलेला प्लेयर न्हय". बरोबर, नाही मारले. पण एक मारला त्याची गोष्ट ऐका, कारण ती मला अजून कुणी नीट सांगितलेली नाही, मीच एकदा रात्री दुकान बंद करून कागदावर हिशेब मांडला.

30 जुलै 2008. आशियातल्या देशांचा एएफसी चॅलेंज कप, हैदराबाद. भारताची पहिली मॅच अफगाणिस्तानबरोबर. आमच्याकडे पाऊस कोसळत होता, लाईट जात-येत होती. नव्वद मिनिटं झाली, 0-0. इंज्युरी टाइममध्ये गोल, क्लायमॅक्स लॉरेन्स, 1-0. नावावरून तेव्हा सगळ्यांनी विनोद केले, मीपण केला, आता काय नावच तसं. पुढे भारत ताजिकिस्तानबरोबर 1-1, तुर्कमेनिस्तानला 2-1 हरवलं, एकूण 7 पॉइंट, ग्रुपमध्ये पहिला. सेमीफायनलला म्यानमार, 1-0. फायनल 13 ऑगस्टला दिल्लीत आंबेडकर स्टेडियमवर, ताजिकिस्तानला 4-1, छेत्रीची हॅटट्रिक, एक भुतियाचा. कप जिंकला आणि त्यावरून 2011 च्या एशियन कपचं तिकीट मिळालं. 1984 नंतर पहिल्यांदा. 27 वर्षांनी.

आता तो अफगाणिस्तानचा गोल काढून टाका. भारताचे 5 पॉइंट, ताजिकिस्तानचे पण 5, पण त्यांनी अफगाणिस्तानला चार घातलेले, म्हणजे गोल डिफरन्सवर ते पहिले आणि आपण दुसरे. दुसरा नंबर म्हणजे सेमीफायनलला म्यानमार नाही, नॉर्थ कोरिया, जे त्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्या मॅच जिंकून आलेले. कदाचित त्यांना पण हरवलं असतं, फुटबॉल आहे, ताजिकिस्तानने हरवलंच की. पण वाट किती अवघड झाली असती बघा. हॅटट्रिक सगळ्यांना पाठ आहे, आणि असायलाच पाहिजे, छेत्रीबद्दल माझी काय तक्रार असणार. मला एवढंच दाखवायचंय की फायनलपर्यंतचा रस्ता सोपा केला तो आपल्या माणसाने, गोव्याच्या हाफने, आणि आपल्याच मैदानाच्या सेक्रेटरीला त्याचं नाव विचारावं लागतं.

दोह्याला 2011 च्या जानेवारीत तो त्या एशियन कपला पण खेळला. निकाल लपवण्यात अर्थ नाही: ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहरीनकडून 2-5, साउथ कोरियाकडून 1-4. तीन मॅचमध्ये तेरा गोल खाल्ले. माझा मेहुणा अजून हसतो, म्हणतो तेरा गोल खाल्लेल्या टीमच्या मिडफिल्डरला तू भिंतीवर चढवतोस? मी त्याला विचारलं, त्या स्पर्धेत समोर कोण होतं ते बघितलंस? तिघांतले दोन वर्ल्ड कप खेळणारे देश होते. तिथे मधे उभं राहून नव्वद मिनिटं धावायचं, दर चार दिवसांनी, आणि बॉल बहुतेक वेळ त्यांच्याच पायात, यापेक्षा लग्नात जेवण वाढायचं काम सोपं. पुढच्याच वर्षी, 2012 ला, त्याने इंडियाची जर्सी उतरवली. त्याच वर्षी आपल्या खाणी बंद पडल्या, ट्रकवाल्यांनी गावच्या टीमला जर्सी द्यायचं बंद केलं आणि आमची टीम पण संपली, म्हणून मला ते वर्ष बरोबर लक्षात आहे.

आणि 2016 मध्ये गोव्याचे डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. डेम्पो आत्ता कुठे परत आलंय. म्हणजे मधली सात-आठ वर्षं आपल्या पोरांनी बसने जाऊन बघावं असं त्यातलं एकही क्लब तिथे नव्हतं. एफसी गोवा आहे, चांगलं आहे, फातोर्डा भरतं, पण डिचोलीतून बारा वर्षांच्या पोराला कोण नेणार? मग मोबाईलवर काय दिसतं, गोल. तीस सेकंदांचे गोल. हाफ त्या तीस सेकंदात मावतच नाही. पोरांना मेस्सी जाय हे खरंय, माझा स्वतःचा मुलगा दहा नंबरची जर्सी घालून झोपतो. पण त्यांना दुसरं काही दाखवलं कोणी?

आता तक्रारींवर येतो, भिंत ही त्यातली एकच.

जुनी फळी. तुम्हाला आठवते का नाही माहीत नाही. स्टोअर रूमच्या दारावर फणसाची फळी होती, त्यावर 1994 च्या आपल्या टीमची नावं पांढऱ्या रंगाने, पेंटरने पट्टी लावून काढलेली, गोली, दोन बॅक, दोन स्टॉपर, तीन हाफ, तीन फॉरवर्ड, ज्या वर्षी आपण आंतरग्राम कप आणला ती. नवी गॅलरी बांधताना ती काढली, ठीक. पण मी गेल्या पंधरवड्यात मैदानावर गेलो तेव्हा ती गटारावर टाकलेली, संडासाच्या कामाचं सिमेंट न्यायला, गवंड्याची घमेल्याची गाडी त्यावरून जात होती. वाकून बघितलं. फॉरवर्डांची नावं चाकाने पुसली होती, माझं अर्धं शिल्लक, "हाफ" हा शब्द पूर्ण. रडलो वगैरे नाही, पण चहा घ्यायला थांबणार होतो तो थांबलो नाही. गवंड्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बक्षिसं. दरवर्षी आपल्या स्पर्धेत बेस्ट गोली, बेस्ट डिफेंडर, बेस्ट मिडफिल्डर आणि टॉप स्कोअरर अशी चार बक्षिसं असायची. यंदा दोनच, गोली आणि टॉप स्कोअरर. कारण विचारलं तर खर्च. एका ट्रॉफीचा खर्च किती ते मला माहीत आहे, बिलाची झेरॉक्स माझ्याकडेच काढली होती, आणि त्याच बिलाच्या खाली पाहुण्यांच्या शाली आणि डीजेचं भाडं पण होतं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तिसरं टर्फचं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलंय. मैदानाचा शाळेकडचा भाग अडवून तुम्ही फाइव्ह-अ-साइड टर्फ केलंत, लाईट लावलेत, तासावर भाडं. पैसे येतात, मैदानाची देखभाल होते, मला मान्य आहे. पण संध्याकाळी सहानंतर मोठं मैदान पण बंद ठेवता, का तर टर्फवाल्यांच्या गाड्या तिथे लागतात. म्हणजे गावातल्या पोरांना आता खेळायचं तर टर्फवर, पैसे काढून, पाच-पाच. आणि पाच जणांत हाफ कुठे असतो सांगा? तिथे भिंतीला आपटून बॉल परत येतो, बाहेर जातच नाही, जागा धरायची वेळच येत नाही, सगळे पुढे किंवा सगळे मागे. ते वाईट आहे असं नाही, पाय चपळ होतो. पण रविवारी सकाळी मी बारा वर्षांखालच्या पोरांना घेऊन मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळवायला जातो तेव्हा मधे मैदान नुसतं मोकळं, पुढे सहा जण हात वर करून "पास, पास", मागे चार जण घाबरलेले, आणि मधल्या त्या चाळीस-पन्नास मीटरमध्ये एक कुत्रं झोपलेलं. खरंच झोपलेलं, तपकिरी, बाजूच्या पोदेराचं (पाववाल्याचं). मी एका पोराला म्हटलं तू मधे थांब, तर तो म्हणतो, "सर, हांव कित्याक? हांवें कितें केलां?" (मी का? मी काय केलं?) त्याला शिक्षा वाटली.

आमच्या वेळी शेत कापलं की वायंगणाच्या, म्हणजे दुसऱ्या पिकाच्या, आधी त्या ढेकळांत खेळायचो, गोलपोस्ट म्हणजे चपला, पण जागा मोठी असायची, त्यामुळे कुणीतरी मधे राहायलाच लागायचं. तेवढी पण सोय आता नाही, शेतं पडीक किंवा बंगले.

अजून एक गोष्ट, जी समितीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं आणि माझ्या कानावर आली. की "तो आमचो न्हय". म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, मी उलगडून सांगणार नाही. फक्त त्या डेम्पोची टीम शीट आठवा. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, सगळे एका जर्सीत. गवळी बॉल काढून द्यायचा तो क्लायमॅक्सला, क्लायमॅक्स पुढे क्लिफर्डला. त्यांच्यात कोण कुणाचा हे फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये बसून कुणी विचारलेलं मला तरी ऐकू आलं नाही, शिव्या सगळ्यांना सारख्याच मिळायच्या. ज्याने मीटिंगमध्ये ते म्हटलं त्याने एकदा माझ्याबरोबर यावं, जुन्या मॅच मोबाईलवर बघू, चहा माझ्याकडून.

गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फॉरवर्ड ब्रुनो कुतिन्होंना मिळाला, दोन्ही वेळा आम्ही फटाके लावले. मधल्यांच्या वाटणीला फटाके तसे कमीच येतात. पण नंतर टीम सांभाळायची वेळ आली की परत मधल्यांनाच हाक मारतात हे बघा. साविओ मेदेरा मिडफिल्डर, 2011 ला दिल्लीत भारताने सॅफ कप, म्हणजे दक्षिण आशियाचा कप, घेतला तेव्हा कोच तेच. क्लिफर्ड मिरांडा मिडफिल्डर, 2023 चा सुपर कप (भारतातल्या क्लबांचा) ओडिशाच्या क्लबला त्यांनी मिळवून दिला, कोच म्हणून. मधे उभं राहिलेल्याला दोन्ही बाजू दिसतात, एवढं साधं आहे.

तर मला काय पाहिजे ते सांगतो, गोल गोल नको.

भिंतीवरचे पाच फोटो काढा असं मी म्हणत नाही. मेस्सी राहू दे, नाहीतर माझा मुलगाच मला घरात घेणार नाही. पण निम्मी भिंत गोव्याला द्या, आणि त्यात पहिला क्लायमॅक्स लॉरेन्स. नुसता फोटो नको, खाली मजकूर पाहिजे: मिडफिल्डर, साळगावकर, ईस्ट बंगाल, डेम्पो, भारत, आणि 30 जुलै 2008 चा तो गोल. मराठीत, आणि हवं तर कोकणीत पण, आणि त्याचं नाव बरोबर लिहा. काढायच्या आधी त्याला रीतसर पत्र पाठवून परवानगी घ्या, माणूस आपल्यातच आहे, गोव्यातच आहे, मेलेल्यासारखं परस्पर भिंतीवर चढवू नका. बाकी कोण घालायचे ते ग्रामसभेत ठरवा, पण त्यात एक बाई पण असू द्या, आपल्या गावच्या मुली आता तुमच्या मुलांपेक्षा बऱ्या खेळतात.

बेस्ट मिडफिल्डरची ट्रॉफी परत सुरू करा. यंदाचे पैसे मी देतो, पुढच्या वर्षीपासून समितीने द्यायचे. शाल एक कमी करा.

मोठं मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी, मंगळवार आणि शुक्रवार, गावातल्या पोरांना फुकट, अकरा-अकरा, गाड्या त्या दिवशी रस्त्याच्या कडेला. लाईटचं बिल काय जास्त येईल ते हिशेबाने सांगा, पालकांकडून गोळा करू, पण आधी हिशेब दाखवा.

आणि टर्फचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवा. हे मी एकटा मागत नाहीय, बाकीचे मागायला लाजतात एवढंच.

फळीचं तुम्हाला काही करायचं नाही. ती मी गवंड्याला दुसरी फळी देऊन बदलून आणली. दुकानाच्या मागे धुतली, वाळवली, एक कोपरा चिरलाय. पुसलेली नावं मला पाठ आहेत, पण तीन नंबरचा फॉरवर्ड कोण होता यावर माझं आणि खजिनदारांचं एकमत नाही, ते म्हणतात ते स्वतः, मला वाटतं त्यांचा धाकटा भाऊ. ग्रामसभेत फळी घेऊन येतोय. तिथेच ठरवू, आणि ती परत कुठे लावायची तेही.

तुमचाच,
तिंट्यावरचा झेरॉक्सवाला,
1994 चा राइट हाफ